फाईलच्या तळची ओळ

इस्पितळाच्या रिपोर्ट-खोलीत सहा टायपिस्ट बसायच्या आणि त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी होत्या. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. खरी नावं फक्त पगारपत्रकावर उरली होती. खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. खिडकी होती म्हणायला, पण तिच्यातून रुग्णवाहिकांची चाकं तेवढी दिसायची.

काम असं की वर प्रयोगशाळेत डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा बघणार, दिसेल ते यंत्रात बोलून ठेवणार, आणि खाली या बायका कानाला हेडफोन लावून, पायाने पेडल दाबत-सोडत, ते टाइप करणार. डॉक्टर बोलता बोलता चहा प्यायचे, शिंकायचे. एक जण तर मध्येच बायकोचा फोन घ्यायचे आणि पुढचं वाक्य तणतणत सांगायचे. टाइप झालेला कागद वर जायचा आणि डॉक्टर त्यावर सही ठोकायचे. वाचायचे का? वाचत असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

थोरली तिथे बावीस वर्षं होती. तिची खोलीला दिलेली देणगी म्हणजे एक फाईल. एडिटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा टाइप करायचा प्रोग्रॅम, सुरू झाला की सगळ्यात आधी सेटिंगची फाईल वाचतो: अक्षर केवढं, समास किती, कुठलं बटण दाबल्यावर काय करायचं. त्याच फाईलमध्ये थोरलीने शॉर्टकट लिहून ठेवले होते. दोन अक्षरं टाइप करून स्पेस दाबली की अख्खं वाक्य उमटायचं. असे चारशेच्या वर शॉर्टकट. ‘पे’ लिहिलं की ‘पेशी संशयास्पद, पुन्हा तपासणी आवश्यक’. दिवसाला जिथे तीस रिपोर्ट निघायचे तिथे सत्तर निघायला लागले, आणि बायकांची मनगटं वाचली. बाकी पाचजणींच्या मशीनवर एडिटर सुरू करण्याच्या ओळीतच तिने घालून ठेवलं होतं: सुरू हो, आणि ही सामाईक फाईल वाच. तिच्या स्वतःच्या मशीनची फाईल तेवढी वेगळी होती. नवे प्रयोग आधी तिथे, मग सगळ्यांसाठी.

नवी मुलगी आली की थोरली तिला तीन गोष्टी पढवायची. फाईल फक्त सुरू होताना वाचली जाते, मधे बदललीत तर एडिटर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही. एकच शॉर्टकट दोनदा लिहिला तर खालची ओळ वरचीला खाते. आणि शंका आली की कोरा उघडा. म्हणजे सुरू करण्याच्या ओळीत एक शब्द जास्तीचा टाकायचा, की एडिटर कुठलीच फाईल न वाचता, कुठलीच सवय न लावून घेता उघडतो. हे ती इतक्या वेळा सांगायची की धाकटी मागे बसून तिची नक्कल करायची, बोट वर करून, चष्मा नाकावर आणून. सगळ्या हसायच्या. थोरलीसुद्धा.

धाकटीला या खोलीत आणलं होतं ते थोरलीनेच. वडील गेले तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. तिची वेणी, तिचा अभ्यास, तिच्या शाळेच्या तक्रारी, सगळं थोरलीच्याच पदरात पडलं. लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. आता तिघी दोन खोल्यांत राहत, या दोघी आणि कानाने अधू झालेली आई.

एका सोमवारी सकाळी साहेबांनी, म्हणजे रिपोर्ट-खोलीच्या मुख्यांनी, धाकटीला वर बोलावलं. अर्ध्या तासाने ती खाली आली तेव्हा तिच्या हातात एका रिपोर्टची प्रत होती. आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट. शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंचा, वय एकेचाळीस. शेवटची ओळ: ‘पेशी निर्दोष, पुढील तपासणीची गरज नाही’. बाई तो कागद घेऊन आनंदाने घरी गेल्या होत्या आणि आठ महिन्यांनी परत आल्या तेव्हा गाठ काखेत, फुप्फुसात, कुठे कुठे जाऊन बसली होती. डॉक्टरांचं जुनं बोलणं काढून ऐकलं. डॉक्टर स्वच्छ म्हणत होते, पेशी संशयास्पद, पुन्हा तपासणी आवश्यक. कागदाच्या तळाशी टायपिस्टची अक्षरं होती. धाकटीची.

“मी असं कसं लिहिलं असेल गं?” धाकटीने विचारलं.

थोरलीने ती ओळ एकदा वाचली. ते वाक्य तिचं होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका सोमवारी तिचं मशीन बिघडलं होतं. दोन दिवस ती कोपऱ्यातल्या रिकाम्या मशीनवर बसली. त्याच सुमाराला एक नवे डॉक्टर आले होते, त्यांच्या वीसपैकी पंधरा रिपोर्टांचा शेवट एकच: पेशी निर्दोष, पुढील तपासणीची गरज नाही. दर वेळी कोण एवढं टाइप करणार? तिने सेटिंगचं बटण दाबलं, उघडली त्या फाईलच्या तळाशी ‘पे’साठी ते वाक्य टाकलं, एडिटर एकदा बंद करून उघडला आणि कामाला लागली. तिच्या स्वतःच्या फाईलमध्ये ‘पे’ मोकळाच होता. पण ते मशीन तिचं नव्हतं. सेटिंगचं बटण त्या त्या मशीनची फाईल उघडतं, आणि तिथे उघडली होती ती सामाईक. चारशे ओळी वर सरकून गेल्या होत्या. तळाशी पाटी कोरी दिसली, तिने लिहून टाकलं.

बुधवारी स्वतःच्या जागेवर परतून तिने ‘पे’ टाइप केलं तर काहीच उमटलं नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं, ओळ सामाईक फाईलमध्ये पडलीय. तिने कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन सामाईक फाईल उघडली, तळची ओळ पुसली, सेव्ह केलं. मग मान वर करून बघितलं. सगळ्या आपापल्या कामात. खोलीत एडिटर कुणी सहसा बंद करत नसे, आठ-आठ दिवस तसाच उघडा असायचा. म्हणजे कुणाच्या मशीनने ती ओळ वाचलीच नसणार, तिने हिशेब केला. कशाला उगाच गवगवा? थोरली चुकली म्हटल्यावर नव्या मुली तरी काय म्हणतील? तिने तोंडातून ब्र काढला नाही.

एक गोष्ट ती विसरली. धाकटीच्या मशीनची वायर त्या आठवड्यात सैल झाली होती. सफाईवाल्या मावशींचा झाडू लागला की मशीन बंद पडायचं, दिवसातून एकदा तरी. मंगळवारी दुपारी ते बंद पडून पुन्हा सुरू झालं, एडिटरने निमूटपणे तळची ओळ वाचली, आणि धाकटीने डोळे मिटून कानाने ऐकत ‘पे’ टाइप केलं. बुधवारी दुपारी ते पुन्हा बंद पडलं आणि पुन्हा शुद्धीवर आलं. मधल्या वेळात ‘पे’ एकदाच लागला होता, शिवणबाईंच्या रिपोर्टला.

हे सगळं थोरलीला त्या सोमवारी, कागद हातात असतानाच कळलं. तेव्हाच ती म्हणू शकली असती, अगं, हे तू नाही, मी केलंय. ती म्हणाली, “बघू. काहीतरी मार्ग निघेल.”

का गप्प बसली? घाबरली होती, दुसरं काय. बावीस वर्षांत एक चूक नाही, हा तिचा एकमेव दागिना होता. आणि तिने स्वतःची समजूत घातली की धाकटीला ताकीद देऊन सोडतील. माणसाच्या हातून एखादी चूक होतेच. मंगळवारी साहेबांनी धाकटीचे त्या आठवड्यातले सगळे रिपोर्ट डॉक्टरांच्या बोलण्याशी ताडून बघायला लावले. दुसरी एकही चूक सापडली नाही. थोरलीला वाटलं, सुटलो. बुधवारी धाकटीला घरी बसवलं, चौकशी पुरी होईपर्यंत. शिवणबाईंना डॉक्टरांनी सहा महिने दिले आहेत, हेही त्याच दिवशी खोलीत समजलं.

त्या संध्याकाळी धाकटी जेवली नाही. आई म्हणत राहिली, “हिला ताप आलाय का? कपाळ बघ जरा.” थोरलीने कपाळ बघितलं. ताप नव्हता. धाकटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “ताई, माझ्या हाताने एक बाई मरणार.” तेव्हा मात्र थोरलीच्याने राहवलं नाही. उद्या सकाळी साहेबांकडे जायचं, तिने पक्कं केलं. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही.

पुरावा होता. हा एडिटर फाईल सेव्ह करताना आधीची फाईल बाजूला ठेवतो, त्याच नावाने, शेवटी ‘जुनी’ असा शब्द लावून. एकच प्रत, पुढच्या वेळी सेव्ह केलं की ती जाऊन त्याआधीची येते. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या बुधवारनंतर सामाईक फाईलला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे ‘जुनी’मध्ये ती तळची ओळ अजून जशीच्या तशी असणार, त्या बुधवारच्या तारखेसकट. ती साहेबांच्या पुढ्यात ठेवली की संपलं. वर सगळ्या मशीनमधल्या फाईलींची वेगळी नक्कल ठेवतात, पण ती तीन महिन्यांपुरतीच; त्याचा उपयोग नव्हता.

गुरुवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. आधी खात्री करावी म्हणून तिने आपल्या मशीनवर सामाईक फाईल उघडली. तळाशी काही नव्हतं, बरोबर, तिनेच पुसलं होतं. तिने फाईल बंद केली आणि ‘जुनी’ उघडली. तळाशी काही नव्हतं.

तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग तारीख बघितली. आजची, दहा वाजून चार मिनिटं.

सहा वर्षांपूर्वी वीज जाऊन तिचं दिवसभराचं काम बुडालं होतं. तेव्हा चिडून तिने आपल्या फाईलमध्ये एक ओळ घातली होती: बंद होताना, बदल असो नसो, सेव्ह कर. तिच्या एडिटरने तेच केलं. मालकिणीने सांगितलेलं इमानाने पाळलं. दुरुस्त फाईल ‘जुनी’वर चढली आणि चुकीची ओळ कायमची गेली. शंका आली की कोरा उघडा, हे बावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ती रोजच्या चिन्हावर बोट दाबून मोकळी झाली. थोरली तिथेच खुर्चीत बसून राहिली.

तरी ती वर गेली. एवढं श्रेय तिला द्यायला हवं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मशीन दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने वाकून फाईलची तारीख वाचली. “आज सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी बदललीय, साहेब. यांच्याच मशीनवरून.”

“मी बदलली नाही. ती आपोआप सेव्ह झाली,” थोरली म्हणाली.

“आणि जी ओळ म्हणता, ती कुठे आहे?”

“होती. ‘जुनी’मध्ये होती.”

“आता नाही.”

“नाही.”

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. “बाई, फाईलचा दोष असता तर तो ठिकठिकाणी दिसला असता. पाचजणी तीच फाईल वापरतात. चूक झाली एका रिपोर्टात, एकीच्या हातून. त्याला निष्काळजीपणा म्हणतात.” मग आवाज उतरवून म्हणाले, “मलाही धाकटा भाऊ आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही असंच काहीतरी रचलं असतं. फाईलला हात लावलात हे मी कागदावर आणत नाही. तुम्ही खाली जा.”

“साहेब, मी खरं सांगतेय.”

“तीन दिवस का नाही सांगितलंत?”

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकून कुणाचाही विश्वास आणखी उडाला असता. ती खाली आली. त्याच आठवड्यात धाकटीला कामावरून काढलं.

घरी तिने धाकटीला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. मशीन बिघडलं इथपासून आज सकाळपर्यंत, स्वतःला कुठेही पाठीशी न घालता. शेवटी धाकटीने तिचा हात हातात घेतला.

“साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, तुझ्या ताईला जप. ताई, पुरे कर आता. माझ्यासाठी खोटं नको बोलूस.”

“खोटं नाही गं. तुला ती वायर आठवते ना? मशीन बंद पडायचं?”

“मला सगळं आठवतंय. त्या दिवशी आई न्हाणीघरात पडली होती. माझं कामात लक्षच नव्हतं. मी ऐकलं एक आणि लिहिलं भलतंच. ती ओळ लिहिताना माझी बोटं मला दिसतात.”

“आई बुधवारी पडली. रिपोर्ट मंगळवारचा आहे.”

“मंगळवारी पडली.”

“बुधवारी गं. मी घरी धावत आले होते, माझं मशीन त्याच दिवशी दुरुस्त होऊन आलं होतं.”

“आई,” धाकटी मोठ्याने म्हणाली, “तू पडलीस तो कुठला वार?”

“कुणी पडलं?” आई म्हणाली.

थोरलीने घरातला जुना लॅपटॉप काढला. त्यावर तोच एडिटर होता आणि तीच फाईल, तिनेच कधीतरी आणून ठेवलेली. तिने तळाशी ती ओळ टाइप केली, एडिटर बंद केला, पुन्हा उघडला. “आता ‘पे’ लिही.”

धाकटीने ‘पे’ लिहून स्पेस दाबली. पेशी निर्दोष, पुढील तपासणीची गरज नाही. काळ्या अक्षरांत, क्षणात. धाकटीने वाकून ते वाक्य वाचलं. थोरलीला वाटलं, पटलं.

“पण हे तर तू आत्ता लिहिलंस, ताई,” धाकटी म्हणाली.

तिने लॅपटॉप हलकेच मिटला, थोरलीचे डोळे पुसले आणि पोळ्या करायला गेली. आयुष्यभर ताईने तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या, शाळेत तिने काच फोडली तेव्हा मीच फोडली म्हणून पुढे झाली, नवा फ्रॉक तिला आणि जुना स्वतःला. अशी ताई आज खोटं बोलणार नाही तर कोण बोलणार? थोरलीच्या चांगुलपणाचं हे फळ होतं.

त्यानंतर धाकटी दुपारी कुठे जाते ते थोरलीला काही दिवस कळलं नाही. मग कळलं. ती शिवणबाईंकडे जात होती. पहिल्या दिवशी माफी मागायला गेली, बाईंनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पायरीवर बसून राहिली. बाईंचा उजवा हात सुजून निकामी झाला होता आणि अर्धवट कपड्यांचा ढीग पडला होता. चौथ्या दिवशी बाईंनी तिला आत घेतलं आणि काजं करायला बसवलं. तेव्हापासून ती रोज जायची. वजन उतरलं होतं तिचं, डोळ्यांखाली काळं आलं होतं. घरी आल्यावर सांगायची, आज बाईंना दोन घास गेले, आज नाही गेले. दुसरं बोलणं उरलं नव्हतं.

निदान एका माणसाला तरी खरं कळायला हवं, आणि ज्याचा त्यावर हक्क आहे त्याला, असं ठरवून थोरली एका रविवारी सकाळी तिथे गेली. धाकटी आईला आंघोळ घालत होती, ती दुपारशिवाय यायची नव्हती. एकच खोली, भिंतीला लावून शिवणमशीन, खाटेवर उशीला टेकून शिवणबाई. चेहऱ्यावर हाडंच दिसत होती, पण नजर कामाच्या बाईची, पहिल्यांदा थोरलीच्या ब्लाउजच्या शिवणीवर गेली.

“मी तुम्हाला काही सांगायला आलेय,” थोरली म्हणाली. “तुमच्या रिपोर्टची चूक माझ्या बहिणीची नाही. ती माझी आहे.”

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. “तुम्ही थोरली ना?”

“हो.”

“ती म्हणाली होती. ताई एक दिवस येईल आणि सगळं स्वतःवर घेईल, तुम्ही तिला रागावू नका.” बाई दम खायला थांबल्या. “सुरुवातीला मला तिचा इतका राग यायचा, वाटायचं हिचं तोंड बघू नये. आता तीच एक येते. तिला सांगा, मी माफ केलंय. माझ्या तोंडून ऐकलं की रडत बसते, काम होत नाही.”

थोरली सांगायला लागली. सोमवार, बिघडलेलं मशीन, कोपऱ्यातली खुर्ची, फाईलचा तळ. बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे, एडिटर म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नसावं. मध्येच त्यांनी डावा हात उचलला.

“राहू द्या. बहिणीसाठी माणूस बोलतं.” त्यांनी उशाजवळचं रीळ आणि सुई तिच्यासमोर धरली. “डोळे चांगले आहेत का तुमचे? एवढा दोरा ओवून ठेवा. दुपारी ती येईल, तिला बारीक दिसत नाही हल्ली.”

थोरलीने चष्मा सारखा केला. तिसऱ्या खेपेला दोरा ओवला गेला. तिने गाठ मारली, सुई कापडात खोचून ठेवली आणि उठली.